'सॉकेट' कोणते: ऐकणारे की जोडणीचे?

विचारणा अशी आहे: जावातल्या क्लायंट-सर्व्हर प्रोग्रॅमबद्दल मराठीत लिहिताना 'सर्व्हरसॉकेट' आणि 'सॉकेट' या दोन्ही क्लासना नुसते 'सॉकेट' म्हटले तर चालेल का? आणि 'पोर्ट'साठी मराठी शब्द कोणता?

सॉकेट म्हणजे नेटवर्कवरच्या जोडणीचे प्रोग्रॅमच्या हातातले टोक, आणि पोर्ट म्हणजे यंत्रावरच्या कोणत्या प्रोग्रॅमशी बोलायचे ते सांगणारा क्रमांक. नुसते 'सॉकेट' क्लायंटच्या (सेवा मागणाऱ्या प्रोग्रॅमच्या) बाजूला चालेल, सर्व्हरच्या (सेवा देणाऱ्याच्या) बाजूला नाही. तिथे दोन वेगळी ऑब्जेक्ट असतात आणि त्यांची कामेही वेगळी. सर्व्हरसॉकेटमधून माहितीचा एक बाइटही ये-जा करत नाही. त्याला पोर्ट क्रमांक द्यायचा, समजा 5000, आणि 'ॲक्सेप्ट' ही मेथड बोलवायची. कोणी क्लायंट येईपर्यंत ती तिथेच अडून राहते. आला की सॉकेट क्लासचे नवे ऑब्जेक्ट हातात देते. वाचणे-लिहिणे होते ते या नव्या ऑब्जेक्टच्या स्ट्रीममधून, म्हणजे बाइटच्या प्रवाहातून. म्हणून पहिल्याला 'ऐकणारे सॉकेट' आणि दुसऱ्याला 'जोडणीचे सॉकेट' म्हणावे. 'मुख्य' आणि 'उप' अशी जोडीही कधी सुचवली जाते, पण तिच्यातून काम काहीच कळत नाही.

'ॲक्सेप्ट नवे पोर्ट उघडते' हे वाक्य मात्र चूक आहे. जोडणीच्या सॉकेटचे सर्व्हरकडचे पोर्ट 5000च राहते. जोडणी ओळखली जाते ती दोन्ही टोकांचे आयपी पत्ते आणि दोन्ही पोर्ट मिळून. त्यामुळे एकाच 5000वर कितीतरी क्लायंट एकाच वेळी सुखाने नांदतात. क्लायंटकडचे पोर्ट सहसा ऑपरेटिंग सिस्टिमच निवडते.

क्रियापदही जपून वापरावे. 'सर्व्हर क्लायंटला कनेक्ट करतो' यात कर्ताच उलटा झाला. जोडणी मागतो क्लायंट, स्वीकारतो सर्व्हर. हे पक्के असले की एरर कुठे शोधायची तेही कळते. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' क्लायंटकडे दिसते. त्याचे 'सर्व्हरने जोडणी नाकारली' असे भाषांतर दिशाभूल करते, कारण बहुतेक वेळा नाकारायला सर्व्हर प्रोग्रॅम जागेवरच नसतो: तो सुरू केलेला नसतो किंवा पोर्ट क्रमांक चुकलेला असतो. 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' ही सर्व्हरकडची तक्रार. तिथे बहुधा आपलाच आधीचा प्रोग्रॅम बंद न होता पोर्ट अडवून बसलेला असतो.

'संदेश पाठवला' हेही सैल आहे. टीसीपीला, म्हणजे या जोडणीवरून माहिती नेणाऱ्या नियमसंचाला, संदेश कुठे संपला ते ठाऊक नसते. त्याच्या लेखी सगळा बाइटचा सलग प्रवाह. पलीकडे एकेक ओळ वाचणारी 'रीडलाइन' मेथड वापरली असेल तर ओळ संपल्याची खूण मिळेपर्यंत ती थांबते. अलीकडे 'प्रिंटलाइन'ऐवजी नुसते 'प्रिंट' केले की ती खूण जातच नाही. शिवाय प्रिंटरायटर या लिहिणाऱ्या क्लासचा ऑटोफ्लश (लिहिलेले आपोआप पुढे पाठवण्याची सोय) चालू असला तरी 'प्रिंट'ने लिहिलेले बफरमध्येच, म्हणजे तात्पुरत्या साठ्यातच, पडून राहू शकते. मग दोन्ही बाजू एकमेकींची वाट पाहत बसतात, एररही येत नाही. अशा प्रोग्रॅमबद्दल 'ओळ पाठवली' असे लिहावे. वाचणाऱ्याला नेमके काय जायला हवे ते समजते.

'पोर्ट'ला 'बंदर' नको. हा 65535पर्यंतचा एक क्रमांक आहे, गलबतांशी त्याचा संबंध नाही, 'पोर्ट'च ठेवावे. लिंगाचे म्हणाल तर सॉकेट आणि पोर्ट दोन्ही 'ते', सर्व्हर आणि क्लायंट 'तो', स्ट्रीम 'ती'.