नोटरी केलेले हक्कसोडपत्र फेरफाराला का चालत नाही?

प्रश्न : वडिलांनी स्वतः घेतलेल्या जमिनीला त्यांच्या पश्चात आई, आम्ही दोघे भाऊ आणि बहीण अशी वारसांची नावे लागली. बहिणीने स्वखुशीने आपला हिस्सा धाकट्या भावाला सोडला. तसे ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर लिहून सहा महिन्यांपूर्वी नोटरी केली. तलाठी फेरफार धरत नाहीत. काय करावे?

उत्तर : तलाठ्यांचे बरोबर आहे. १०० रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावाच लागतो (नोंदणी अधिनियम १९०८, कलम १७). नोटरीपुढे फक्त सही खरी ठरते, हक्क जागचा हलत नाही.

जुना कागद आता नोंदवायला नेऊ नका. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त दाखल करावा लागतो, ती मुदत गेली. नवा करा, आणि मसुद्यातले एक वाक्य नीट तपासा : हक्क कोणाच्या लाभात सोडला? तुम्हा चौघांचा प्रत्येकी पाव हिस्सा आहे. 'धाकट्या भावाच्या लाभात' लिहिले तर त्याचा अर्धा होतो. मोघम 'इतर वारसांच्या लाभात' लिहिले तर उरलेल्या तिघांचा प्रत्येकी एक तृतीयांश. पुढची भांडणे बहुधा इथूनच निघतात. गट नंबर, क्षेत्र आणि हिस्सा सातबाऱ्याशी जुळवून घ्या. मुद्रांक मिळकतीच्या स्वरूपावर व नात्यावर ठरतो, तो दुय्यम निबंधक कार्यालयात आधीच विचारा.

नोंदणीनंतर फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात आणि मग मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात.

एक मात्र कळकळीने सांगतो. सही करण्याआधी बहिणीला दस्त सावकाश वाचू द्या, वाटल्यास तिच्या ओळखीच्या वकिलाला दाखवू द्या. नोंदलेले हक्कसोडपत्र तिला एकटीला रद्द करता येत नाही. फसवणूक किंवा दबाव दिवाणी न्यायालयात सिद्ध करावा लागतो.

प्रश्न : बहीण तोच हिस्सा थेट भाच्याला सोडू शकते का?

उत्तर : नाही. हक्कसोड सहहिस्सेदारालाच करता येते. भाच्याचे नाव सातबाऱ्यावर नाही, त्याच्यासाठी बक्षीसपत्र लागेल : नोंदणीकृत, किमान दोन साक्षीदारांच्या सह्यांचे, आणि त्याने ते बहिणीच्या हयातीतच स्वीकारलेले.