वाचकांचे प्रश्न : मुदतीआधी कर्ज फेडल्याचा दंड परत मिळतो का?

प्रश्न : 2017 साली राजारामपुरीतील फ्लॅटसाठी आम्ही पती-पत्नींनी एका गृहवित्त कंपनीकडून वीस वर्षांच्या मुदतीचे कर्ज घेतले. व्याजदर वाढतच गेला, तेव्हा गेल्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही ते एका बँकेकडे वर्ग केले. त्या वेळी मुद्दल 18,40,000 रुपये शिल्लक होते. कंपनीने त्यावर 2 टक्के दराने 36,800 रुपये आणि जीएसटीचे 6,624 रुपये, असे 43,424 रुपये लावले. ‘पदरचे पैसे भरले असते तर शुल्क लागले नसते, तुम्ही दुसऱ्या बँकेतून उचलून भरताय, शिवाय करारावर तुमची सही आहे,’ असे शाखेत सांगण्यात आले. घराची कागदपत्रे त्यांच्या ताब्यात होती, म्हणून आम्ही मुकाट्याने पैसे भरले. ते आता परत मागता येतील का?
– एक वाचक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : जरूर मागता येतील, आणि आपण ते मागावेत असे माझे स्पष्ट मत आहे. शाखेत आपल्याला जे सांगितले गेले, तो एका जुन्या नियमाचा अर्धाच भाग आहे. गृहवित्त कंपन्यांसाठी त्यांची तेव्हाची नियामक संस्था असलेल्या नॅशनल हाउसिंग बँकेने ऑक्टोबर 2010 मध्ये असे ठरवले होते की, कर्जदाराने स्वतःच्या पैशातून कर्ज फेडल्यास शुल्क घेऊ नये. मात्र वर्षभरातच, 19 ऑक्टोबर 2011 रोजी, तिने पुढचे पाऊल टाकले : कर्ज फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजदराचे असेल, तर फेडीचे पैसे कोठूनही आलेले असोत, शुल्क घेता येणार नाही. ‘स्वतःचे पैसे’ ही अट तेव्हापासून केवळ स्थिर दराच्या गृहकर्जापुरती उरली. बँकांनाही रिझर्व्ह बँकेने 5 जून 2012 रोजी फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर असे शुल्क घेण्यास मनाई केली. कर्जात सहकर्जदार असला तरी ही सवलत जात नाही, हेही रिझर्व्ह बँकेने 2019 मध्ये स्पष्ट केलेले आहे; त्यामुळे कर्ज दोघांच्या नावावर होते हा मुद्दा कोणी काढल्यास त्यात अडकू नये.

म्हणून आपल्या प्रकरणात खरा प्रश्न एवढाच आहे की, ज्या दिवशी कर्ज बंद झाले त्या दिवशी व्याजदर कोणत्या प्रकारचा होता. मंजुरीपत्र काढून व्याजदराची ओळ वाचावी. तेथे एखादा ठरावीक आकडा एकटा न लिहिता ‘आरपीएलआर (म्हणजे कंपनीचा वेळोवेळी बदलणारा मूळ कर्जदर) वजा अमुक टक्के’ अशी मांडणी असेल, तर ते कर्ज फ्लोटिंग दराचे आहे. पहिली दोन-तीन वर्षे स्थिर आणि पुढे बदलता, असा मिश्र दर असला, तरी बंद करतानाचाच दर धरला जातो. दर वाढत गेल्याचे आपणच लिहिले आहे. कर्जखात्याच्या उताऱ्यात ते तारखांनिशी उमटलेले असेल, आणि तोच आपला सर्वांत भक्कम पुरावा आहे.

करारावरील सहीचा धाक बाळगण्याचे कारण नाही. नियामक संस्थेने ज्या शुल्कास मनाई केली आहे, ते छापील करारात घातल्याने कंपनीला ते वसूल करण्याचा अधिकार प्राप्त होत नाही. पैसे भरून टाकले म्हणजे तक्रारीचा हक्क संपला, असेही नाही. कागदपत्रे सोडवून घेण्यासाठी ते भरावे लागले, हे मात्र अर्जात आवर्जून लिहावे.

अर्ज शाखेत तोंडी विनवणी करून नव्हे, तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे लेखी करावा. त्यात कर्ज खाते क्रमांक, बंद केल्याची तारीख, शुल्काची रक्कम आणि वर उल्लेखिलेला 2011 चा निर्देश असावा, आणि ‘फ्लोटिंग दराच्या कर्जावर घेतलेले 36,800 रुपये शुल्क व त्यावरील 6,624 रुपये जीएसटी व्याजासह परत करावे’ अशी नेमकी मागणी असावी. जीएसटीचा उल्लेख पुष्कळ लोक विसरतात आणि मग कंपनी केवळ शुल्क परत करून मोकळी होते. याउलट, नव्या बँकेची प्रक्रिया फी, मुद्रांक शुल्क, कागदपत्रांच्या प्रतींचा खर्च या गोष्टी या अर्जात घालू नयेत. त्या या निर्देशात बसत नाहीत आणि त्यांच्यामुळे खरी मागणी पातळ होते. मंजुरीपत्र, उतारा आणि बेबाकी दाखला यांच्या प्रती जोडाव्यात, अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पोचपावती जपून ठेवावी.

महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर गृहवित्त कंपनीविरुद्धची तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेच्या ‘ग्रिड्स’ या पोर्टलवर करता येते. कर्ज बँकेचे असते, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता आले असते. तेथेही दाद न लागल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येते, त्यामुळे कंपनीचे मुख्यालय मुंबईत असले तरी आपल्याला कोल्हापूर सोडावे लागणार नाही. त्यासाठीची मुदत मात्र सामान्यतः दोन वर्षांची असते आणि आपले एक वर्ष जवळपास गेले आहे, म्हणून अर्ज याच आठवड्यात टाकावा.

प्रश्न : इचलकरंजीत माझे यंत्रमाग आहेत. घर तारण ठेवून एका नागरी सहकारी बँकेकडून धंद्यासाठी घेतलेले कर्ज मी 2024 मध्ये मुदतीआधी फेडले, त्यावर 3 टक्के शुल्क घेतले गेले. मलाही ते परत मिळेल का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तारण घराचे असले तरी कर्ज धंद्यासाठी होते, आणि वरील सवलत धंद्याव्यतिरिक्त अन्य कारणासाठी व्यक्तींना दिलेल्या कर्जांना आहे, त्यामुळे त्या आधारावर आपली मागणी टिकणे कठीण आहे. धंद्याच्या फ्लोटिंग कर्जांना रिझर्व्ह बँकेने 2 जुलै 2025 च्या निर्देशांनी सवलत दिली, परंतु ती 1 जानेवारी 2026 पासून मंजूर किंवा नूतनीकृत होणाऱ्या कर्जांनाच आहे. ठेवींच्या आकारानुसार नागरी बँकांच्या चार श्रेणी आहेत; त्यांपैकी चौथ्या, म्हणजे सर्वांत मोठ्या, श्रेणीतील बँकांना ती सरसकट, तर तिसऱ्या श्रेणीतील बँकांना 50 लाख रुपयांपर्यंतच्या कर्जापुरती लागू होते. तरीही एक गोष्ट तपासावी : हे 3 टक्के आपल्या मंजुरीपत्रात किंवा करारात लिहिलेले होते का? तेथे 2 टक्के असतील, किंवा काहीच नसेल, तर वरचे पैसे कोणत्या कलमाखाली घेतले, हे बँकेला लेखी विचारावे.