हेलिकॉप्टर आलं की रिटर्न टू होम दाबू नका

भाऊ, इंदूरच्या खंडवा रोडच्या फार्महाऊसवर ड्रोनने बहिणीच्या हळदीचं शूट चालू असताना डोक्यावर हेलिकॉप्टर आलं, तू घाबरून रिटर्न टू होम (ड्रोनला आपोआप परत बोलावणारं बटण) दाबलंस, आता विचारतोयस बरोबर केलं का, आणि पायलटला ड्रोन दिसलं असेल का. दुसऱ्याचं आधी सांगतो, नसेल दिसलं. सोळा वर्षं हेलिकॉप्टर उडवलंय मी, खाली शेतं, पत्रे, झाडं असताना ताटाएवढं ड्रोन दिसलंच तर दोन-तीनशे मीटरवर दिसणार, आणि आम्ही ताशी दोनशेच्या वेगाने म्हणजे सेकंदाला 55 मीटर येतोय, म्हणजे हातात पाच सेकंद. वळायचं कधी?

म्हणून बाजूला व्हायचं काम तुझं, तुला निदान आवाज तरी येतो. पण ते बटण नको रे! ड्रोन खाली असेल तर आधी सेट केलेल्या उंचीपर्यंत वर चढतं आणि मग परत फिरतं, आणि झाडं-टॉवर चुकवायला लोक ती उंची शंभर मीटर ठेवतात. म्हणजे तू ते नेमकं आमच्याकडे पाठवलंस. सरळ रिमोटची उंचीची काडी खाली ओढायची. नॉर्मल मोडमध्ये सेकंदाला तीनेक मीटरच उतरतं, शंभर मीटरला अर्धा मिनिट, तेवढ्यात आम्ही दीड-दोन किलोमीटर आलेलो असतो. आवाज कुठून येतोय ते बघत बसू नकोस, आधी उतरव.

आणि 400 फुटांच्या खाली आहे म्हणजे सेफ, हे डोक्यातून काढ. 400 फुटांपर्यंतच उडवायचा नियम आहेच (विमानतळापासून 8 ते 12 किलोमीटरमध्ये तर 200 फूटच, विमानतळाजवळच्या सुपर कॉरिडॉरला रील काढणाऱ्यांनी आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशा बघा), पण पेशंट घ्यायला किंवा निवडणुकीत शाळेच्या मैदानावर उतरताना शेवटचा दीड-दोन किलोमीटर आम्ही तुमच्याच थरात असतो. आम्ही लाइट चालू ठेवतो, शक्य तितकं उंचावरून येतो, बास, त्यापलीकडे काय करणार. जानापावच्या टेकडीवरून उडवलं तर अजून गंमत, स्क्रीनवरची उंची टेकऑफच्या जागेपासूनची, दरीवर गेलं की जमिनीपासून कितीतरी जास्त.

2017 मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडजवळ एक फँटम 4 लष्कराच्या ब्लॅक हॉकला धडकलं. रोटरच्या पात्याला पोचा आला, उतरलं नीट. उडवणारा चारेक किलोमीटर लांब होता, ड्रोन दिसतच नव्हतं, तपासवाले पोचेपर्यंत त्याला धडक झाल्याचं माहीतसुद्धा नव्हतं!

तुझा फ्लाइट लॉग असेल अजून. बटण दाबल्यावर किती वर गेलं ते काढ आणि इथे टाक.