मुलगी नवीन गोष्टी शिकतेय, तरी एसक्यू कमी कसा झाला?

तुम्ही लिहिलंय की मुलीला एंजलमन सिंड्रोम हा दुर्मीळ जनुकीय आजार आहे. पाचव्या वर्षी व्हीएसएमएस (व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केल) या रोजच्या जगण्यातली कौशल्यं मोजणाऱ्या चाचणीत तिचं सामाजिक वय दोन वर्षं आणि एसक्यू, म्हणजे सामाजिक गुणांक, 40 आला होता. आता सातव्या वर्षी सामाजिक वय अडीच वर्षं आलं, पण एसक्यू 36. ती मागे गेली का, थेरपी बदलू का, असं विचारलंय.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे आणि दुर्मीळ आजार असलेल्या मुलांसोबतच काम करते. या आकड्यांवरून तुमची मुलगी मागे गेलेली नाही, पुढेच आली आहे.

एसक्यू म्हणजे सामाजिक वय भागिले खरं वय, गुणिले 100. आधी 24 महिने भागिले 60 महिने, म्हणून 40. आता 30 भागिले 84, म्हणून 36. वरचा आकडा सहा महिन्यांनी वाढला, पण खालचा चोवीस महिन्यांनी. एसक्यू 40 वरच राहायचा तर या वयाला सामाजिक वय जवळपास 34 महिने हवं होतं. म्हणजे हा आकडा तुमच्या मुलीची तुलना तिच्या वयाच्या इतर मुलांशी करतो. ती मुलं या दोन वर्षांत बालवाडीतून दुसरीत गेली. तुमची मुलगी स्वतःच्या कालच्या तुलनेत कुठे आहे, हे एसक्यू सांगतच नाही. रिपोर्ट हातात देताना ही गोष्ट पालकांना बसून समजावून सांगायला हवी, आणि ती बहुतेकदा राहून जाते याचं मला फार वाईट वाटतं.

ही चाचणी मुळात एडगर डॉल यांनी 1935 च्या सुमारास अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधल्या व्हाइनलँड इथे तयार केली. आपल्याकडे वापरतात ते नागपूरच्या डॉ. मालिन यांनी केलेलं भारतीय रूपांतर. त्यात 89 मुद्दे आहेत: खाणं, कपडे घालणं, चालणं-फिरणं, बोलणं, लोकांत मिसळणं वगैरे. शेवटी सगळ्याचा मिळून एकच आकडा निघतो. एंजलमनची बहुतेक मुलं बोलत नाहीत किंवा अगदी मोजके शब्द बोलतात, पण त्यांना समजतं त्याहून बरंच जास्त. बोलण्याच्या मुद्द्यांचे गुण एकामागून एक गेले की हाताने जेवायला शिकल्याचा आनंद त्या एका आकड्यात बुडून जातो. म्हणून सेंटरमधून दोन्ही वेळचे भरलेले फॉर्म मागून घ्या आणि एकेक मुद्दा शेजारी शेजारी ठेवून बघा. कुठे हललं आणि कुठे नाही, ते लगेच दिसेल.

नव्या व्हाइनलँड-3 मध्ये, म्हणजे 2016 च्या आवृत्तीत, या अडचणीवर उपाय आहे. तिथे प्रमाणित गुण (सरासरी 100, सर्वांत कमी 20) वेगळे आणि वाढ दाखवणारे गुण वेगळे मिळतात. हे दुसरे गुण वयाने भागलेले नसतात, त्यामुळे हळू शिकणाऱ्या मुलाची चालही त्यात उमटते. कोणी ही चाचणी केली तर ते गुण आवर्जून मागा.

तरीही रोजच्या जगण्यात खरा बदल दिसतो तो मदत किती लागते यात. वीफिम नावाची मोजपट्टी नेमकं तेच बघते: 18 कामं, प्रत्येकाला 1 ते 7 गुण. 1 म्हणजे जवळजवळ सगळं आपणच करतो, 5 म्हणजे हात न लावता नुसतं शेजारी उभं राहतो किंवा सांगतो, 7 म्हणजे मूल पूर्णपणे एकटं करतं. ही पद्धत घरी साध्या वहीतही चालवता येते. वरण-भाताचंच बघा. घास गोळा करणं, उचलणं, तोंडापर्यंत नेणं, पुन्हा ताटाकडे वळणं, हे चार तुकडे आहेत. एंजलमनमध्ये हात थरथरतो आणि तोल सांभाळणं अवघड असतं, म्हणून घास उचलल्यावर तोंडाशी पोचेपर्यंत अर्धा सांडतो. आधी तुम्ही तिचं मनगट धरत होतात, आता कोपराला नुसता टेकू देता, हा मोठा बदल आहे. ‘स्वतः जेवते का?’ या प्रश्नाचं उत्तर मात्र दोन्ही वेळा ‘नाही’च येतं.

आणखी एक. ‘करू शकते’ आणि ‘रोज करते’ या दोन गोष्टी वेगळ्या लिहा. आपल्या घरांत आजी प्रेमाने भरवते, शाळेची व्हॅन आली की आई घाईत कपडे चढवते. मग मुलीला जमत असूनही ती करत नाही. माझ्या अनुभवात आंघोळ ही शिकवायला सर्वांत चांगली वेळ, कारण या मुलांना पाण्याचं विलक्षण वेड असतं. हातातला मग बादलीत बुडवून अंगावर पाणी घेणं त्या ओढीनेच लवकर जमतं.

मोजताना वेळ जपून निवडा. फिट येऊन गेलेल्या आठवड्यात, औषध बदलल्यावर किंवा झोप बिघडलेली असताना केलेलं मोजमाप खरं नसतं. आणि एखादी पक्की जमलेली गोष्ट खरोखरच निघून गेली, तर ते ‘आजारामुळे असेल’ म्हणून सोडू नका. एंजलमन हा हळूहळू क्षमता हिरावून घेणारा आजार नाही. न दिसणाऱ्या फिट्स, औषधाचा परिणाम, बद्धकोष्ठता, कुठे दुखणं, यातलं काही आहे का, ते मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. डुशेन (स्नायूंचा) किंवा सॅनफिलिपो (मेंदूवर परिणाम करणारा) यांसारख्या क्षमता हळूहळू हिरावून घेणाऱ्या आजारांत गणितच वेगळं आहे, तिथे वर्षभर आहे ते टिकलं तरी ती मोठी कमाई असते.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी मात्र एसक्यूचाच रिपोर्ट लागतो, तो सांभाळून ठेवा. तिथे कमी आकडा आला म्हणून जीव कष्टी करू नका, किमान 40 टक्के दिव्यांगत्वाच्या अटीवरच्या सवलती त्यावर अवलंबून असतात.

थेरपी आत्ता बदलू नका. तीन कामं निवडा, प्रत्येकाची मदतीची पातळी आजच्या तारखेसह लिहा आणि दर तीन महिन्यांनी त्याच जागेवरून, त्याच ताटलीसमोर मोबाइलवर छोटा व्हिडिओ घ्या. सहा महिन्यांत तिन्हीपैकी एकही पातळी हलली नाही, तर थेरपिस्टसमोर ती वही ठेवून पद्धत बदलायला सांगा.