सभासद माल बाहेर घालतात? आधी सहीचा नियम बघा

"४१० सभासद, पण हंगामात माल येतो जेमतेम ६० जणांचा. बाकीचे अडत्यालाच घालतात. संचालक म्हणतात, लोकांत निष्ठाच नाही." दादा, तुमची ही पोस्ट वाचली आणि आमचा दुसरा हंगाम डोळ्यांपुढे उभा राहिला. आमचीही शेतकरी उत्पादक कंपनी, म्हणजे शेतकऱ्यांनीच सभासद होऊन काढलेली, मराठवाड्यातली, मुख्य माल सोयाबीन. नोंदणी, भागभांडवल, विवरणपत्रं यात शिरत नाही, ते तुम्हाला ठाऊक असणारच.

निष्ठेचा विषय आधी बैठकीतून काढून टाका. अडत्या भाव कमी देतो हे प्रत्येक सभासदाला कळतं. तरी तिकडे जातो, कारण जूनमध्ये बी-खत उधार तोच देतो आणि माल काट्यावरून उतरला की पैसे मोजतो. क्विंटलमागे ५०-१०० रुपये गेले तर ती त्या सोयीची किंमत. बाजारात व्यवहार करायलाही खर्च येतो, हे रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९३७ मध्येच मांडलं होतं. सभासदाचा तो खर्च, म्हणजे हेलपाटे, वाट बघणं, अनिश्चिती, कंपनीमुळे कमी होत नसेल तर त्याने आपल्याकडे का यावं?

आमची घोडचूक सहीची. पहिल्याच वर्षी ठराव केला: ५०,००० रुपयांवरचं प्रत्येक पेमेंट दोन संचालकांच्या सहीने, आणि खरेदीचा भाव मंडळाने ठरवायचा. पैशाला पाय फुटू नयेत एवढाच हेतू. ऐन दिवाळीच्या तोंडावर एक संचालक वडिलांच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेले आणि ९ दिवस चेक अडकले. २२ क्विंटल घातलेला एक सभासद तीनदा मोटरसायकलवर आला. तिसऱ्यांदा पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं, सोंगणीची मजुरी द्यायची राहिली होती. आमचा मॅनेजर त्याला काय सांगणार? दोन दिवसांनी त्याच्याच भावाचा टेम्पो, वर निळी ताडपत्री, आमच्या शेडसमोरून सरळ अडत्याकडे गेला. त्या आठवड्यात त्या गावचा माल आमच्याकडे यायचा थांबला.

ओलावा १२ टक्के की १५, काडीकचरा किती, आज बाजार काय बोलतोय, हे सगळं काट्यावरच्या माणसाला दिसतं. अधिकार मात्र महिन्यातून एकदा भरणाऱ्या बैठकीकडे. कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीसाठी ५ ते १५ संचालक आणि त्यांच्याखाली पूर्णवेळ, सभासद नसलेला मुख्य कार्यकारी अधिकारी अशी रचना आहे ती उगीच नाही. आणंदला अमूलच्या दूध संघात अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल होते आणि रोजचा कारभार पगारी कुरियन यांच्या हातात. आपल्याकडे मॅनेजरला १५ हजारांत ठेवतात आणि चहाच्या बिलालाही सही मागतात. माझं मत कडक वाटेल, पण अशा कंपनीने खरेदीत पडूच नये.

पुढे ठराव बदलला. रोज सकाळी ठरलेल्या पट्ट्यात भाव मॅनेजर काढतो, दिवसाची खरेदीची मर्यादा आखलेली, पैसे संध्याकाळपर्यंत खात्यात. रात्री सभासदांच्या ग्रुपवर क्विंटल, ओलावा, भाव, दिलेली रक्कम. दर शनिवारी एक संचालक पावत्या ताडून बघतो. नियंत्रण आहेच, फक्त पेमेंटनंतर.

पण हा ठराव बँकेत लागू व्हायला अडीच महिने गेले. आधी ठरावाचा मसुदा चुकीचा, मग सही नसलेल्या संचालकांचंही केवायसी, मग साहेब रजेवर, मग साहेबांची बदली आणि नव्या साहेबांनी फाईल पहिल्यापासून मागितली. शेतकऱ्यांच्या कंपनीला चालू खात्यावर एक नाव बदलायला एवढं झुलवतात, याचा आजही संताप येतो. हंगाम गेला तो गेला. म्हणून सांगतो, सह्यांचा बदल मे महिन्यातच उरका, नेटबँकिंगला एक जण नोंद करणार आणि दुसरा घरबसल्या मंजुरी देणार अशी सोय मागा, आणि प्रत्येक कागदाची पोच घ्या. वैतागून दुसरीकडे खातं उघडायला धावू नका. एका बँकेचं कर्ज असताना दुसऱ्या बँकेत चालू खातं उघडण्यावर रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये बंधनं आणली आणि ती पुढे बदलत गेली, तुम्हाला लागू होतात का ते आधी सीएला विचारा. मी सीए नाही, वकीलही नाही.

सगळा भाव पहिल्याच दिवशी देऊ नका, थोडा राखून वर्षअखेरीला द्या, असं कोणी सुचवेल. कायद्यात तशी सोय आहे, पण विश्वास बसण्याआधी ती वापराल तर उरलेले ६० जणही जातील. आम्ही चौथ्या वर्षी सुरू केलं, आणि बोनस शेअरच्या प्रमाणात न देता घातलेल्या मालाच्या प्रमाणात दिला. ज्यांना चढ्या भावासाठी थांबायचं आहे त्यांना बाजार समितीतली पणन मंडळाची शेतमाल तारण योजना दाखवा: सोयाबीनच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, ६ महिने, ६ टक्के व्याज. चालू नियम तिथेच विचारून घ्या.

तुमच्याकडे सही कोणाकोणाची लागते आणि माल काट्यावर आल्यापासून पैसे जमा व्हायला किती दिवस जातात, तेवढं लिहा. मग उधारीच्या बियाण्याचं आम्ही काय केलं ते सांगतो.