बाकावर शेजारी कोण बसणार?

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

एमबीए कुठून करावं, ते ठरवायला बनवलेली तुझी एक्सेल शीट उघडून बसलोय. फी, कालावधी, रँकिंग, सरासरी पॅकेज, 'ब्रँड व्हॅल्यू' दहापैकी किती, सगळे रकाने भरलेत. चाकणला पीपीएपीच्या, म्हणजे सुटे भाग ग्राहकाकडून मंजूर करून घ्यायच्या, फाइली बनवून बनवून तुझा हात बसलाय, हे दिसतंच. पण माझ्या मते जो एकच रकाना पुरे होता, तो यात नाही. वर्गात तुझ्या शेजारी कोण बसणार?

हसू नकोस. फायनान्सचं पुस्तक विकत मिळतं, केस स्टडी विकत मिळतात, चांगल्या प्राध्यापकांची व्याख्यानं यूट्यूबवर फुकट आहेत. मग लाखांनी पैसे मोजायचे कशाचे? शेजारच्या माणसाचे.

मी चर्चगेटला जमनालाल बजाजमध्ये संध्याकाळच्या वर्गाला जायचो. मुंबई विद्यापीठाचा तीन वर्षांचा अर्धवेळ अभ्यासक्रम, नोकरदारांसाठीच काढलेला. ठाण्याहून फास्ट लोकल, व्हीटीपासून पायी, आणि वर्गात पोचेपर्यंत पहिला तास अर्धा झालेला. शेजारी एका बँकेतला क्रेडिट ऑफिसर बसायचा. एकदा मी त्याला ऐटीत सांगत होतो, की आमच्या स्टोअरमध्ये इतक्या कोटींचा माल पडून आहे, आम्हाला भांडवलाची काय काळजी! त्याने वही उलटी केली आणि मागच्या पानावर हिशेब मांडला. महिनोन्‌महिने न हललेला माल आधी बाद. ज्या मालाचे पैसे पुरवठादाराला अजून दिले नाहीत, तो वजा. उरलेल्यातून 25 टक्के मार्जिन कापायचं. 90 दिवसांपुढची येणी धरायचीच नाहीत. "ही तुमची ड्रॉइंग पॉवर, बँक तुम्हाला उचलू देईल ती रक्कम. बाकीचा माल माझ्या लेखी भंगार," म्हणाला. प्राध्यापकांनी वर्किंग कॅपिटल, म्हणजे रोजच्या धंद्यात फिरणारं भांडवल, नंतर शिकवलं, चांगलंच शिकवलं असेल. पण पुढे खरेदी विभागात मी ऑर्डरचे लॉट लहान केले, पडलेला माल तोट्यात काढला आणि त्यापायी साहेबांच्या शिव्या खाल्ल्या, ते सगळं त्या मागच्या पानाच्या जोरावर.

आता तुझे तीन पर्याय.

तो ऑनलाइनवाला आधी काढ. ऑनलाइन म्हणून काढ असं मी म्हणत नाही. यूजीसीची मान्यता असलेली ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानायची, हे 2022 मध्येच स्पष्ट झालंय. पण तू हिरवा रंग दिलाहेस ती पदवीच नाही, मोठ्या संस्थेच्या नावाचं प्रमाणपत्र आहे. माहितीपत्रकात 'एक्झिक्युटिव्ह' हा शब्द दर ओळीत आणि 'सर्टिफिकेट' तळाशी बारीक टायपात. अगं, आयआयएमसुद्धा 2017 चा कायदा होईपर्यंत डिप्लोमाच देत होत्या, पदवी द्यायचा अधिकार असा वाटेल त्याला मिळत नाही. अशा प्रमाणपत्रानेही काही शिकता येतं, फक्त उद्या कुणी एमबीए मागितलं तर ते पुढे करू नकोस. आणि सगळ्यांचे कॅमेरे बंद असताना शेजारी कोण बसलंय ते तुला कळणार कसं?

पुण्यातली वीकेंड बॅच. इथे जाऊन ये. स्थळ बघायला गेल्यावर आपण फोटो पाहून परत फिरत नाही, घरातली माणसं बघतो. शनिवारी जेवणानंतरच्या तासाला वर्गात बसू द्या म्हणावं. नाही म्हणाले तर तिथेच उत्तर मिळालं. बसू दिलं तर डोकी मोज, आणि चहाच्या वेळी कोण काय काम करतं ते विचार. सगळे हिंजवडीच्या दोन-चार कंपन्यांतले, सगळ्यांना तीन-चार वर्षांचा अनुभव, सगळ्यांना मॅनेजर व्हायचंय, असं असेल तर उठून ये. त्यांच्याकडे जे आहे ते तुझ्याकडेही आहे. बँकवाला हवा, डेपो चालवणारा हवा, औषध कंपनीत माल विकणारी हवी. आणि माजी विद्यार्थ्यांशी बोल, पण ॲडमिशन ऑफिसने नंबर दिलेल्यांशी नको. आपले आपण शोध.

एक वर्षाचा पूर्णवेळ. आयआयएम अहमदाबादच्या पीजीपीएक्स या अभ्यासक्रमाला किमान चार वर्षांचा अनुभव लागतो, तुझा सहा आहे. शेजार तिथे बहुधा उत्तमच मिळेल. सैन्यातून बाहेर पडलेले अधिकारी, जहाजावरचे, तुझ्याहून दहा वर्षांनी मोठे. पण फी 30 लाखांच्या पुढे आणि वर वर्षभराचा पगार बुडणार. कर्जाच्या व्याजावर कर वाचेल असं तू धरलंयस. ती वजावट जुन्या करप्रणालीत मिळते, तू नवीन निवडलीयस. ती ओळ खोड. कंपनी फी भरणार असेल तर बाँड किती वर्षांचा आणि मध्येच सोडल्यास किती भरायचे, ते लेखी घे.

क्षेत्रच बदलायचं असेल तर मात्र हाच रस्ता, हे मी नाइलाजाने कबूल करतो. कॅम्पसवर कंपन्या पूर्णवेळवाल्यांसाठी येतात. अर्धवेळवाल्याने आपली नोकरी आपणच शोधायची असते. म्हणून खरं सांग, तुला क्वालिटीचं काम सोडायचंय की फक्त साहेब? साहेबच सोडायचा असेल तर नोकरी बदल. फुकटात होतं.

तू विचारलंस, सर, तुम्ही तेव्हा पूर्णवेळ का नाही केलंत? विचारण्यात खोच होती, कळली मला. घराचे हप्ते होते, वडिलांचं आजारपण होतं. माझ्याबरोबर लागलेला एकजण नोकरी सोडून गेला आणि परत आला तो माझ्या साहेबाचा साहेब होऊन. मी खरेदी प्रमुखाच्या पुढे सरकलो नाही. लोक म्हणतात, संध्याकाळच्या वर्गाने एवढंच होतं. असेल. पण दिवसा कारखान्यात अडलेला प्रश्न त्याच संध्याकाळी बँकवाल्यापुढे टाकायची सोय त्याला नव्हती, मला होती. कारखाना रोखीअभावी अडखळला तेव्हा बँकेत बोलायला त्याला नाही, मला पाठवलं होतं. हे माझ्या पगारपत्रकात कधी दिसलं नाही, ती गोष्ट वेगळी. माझ्या मुलीच्या बालवाडीचं एकही स्नेहसंमेलन मी पाहिलं नाही. बाकाची किंमत काढताना तेही धर, तुझा मुलगा आता त्याच वयाचा आहे.

रँकिंग पाठवू नकोस, मी वाचणार नाही. या शनिवारी त्या वर्गात बसून ये आणि शेजारी कोण होतं, काय करतं, तुला न येणारं असं त्याला काय येतं, एवढं सांग. फोन सातनंतर कर. दुपारी मी झोपतो.

तुझा,
सर