प्रतिरोध नको, निवारण नको, जरब म्हणा

निपाणीच्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: आयएनएस अरिहंतसारख्या अण्वस्त्रधारी पाणबुडीच्या कामाला, म्हणजे इंग्रजीतल्या 'न्यूक्लियर डिटरन्स'ला, 'आण्विक प्रतिरोध' म्हणावं की 'आण्विक निवारण'?

दोन्ही नको. 'प्रतिरोध' हिंदी बातम्यांतून जसाच्या तसा उचललेला. मराठीत तो चालून आलेल्याला होतो. निवारण होतं तक्रारीचं, आलेल्या संकटाचं. इथे कोणी चालून येऊच नये, हा हेतू. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे निवृत्त सुभेदार जुन्या साहेबाविषयी बोलताना सहज म्हणतात, 'त्यांची जरब होती.' तयार शब्द असताना ही ओढाताण कशाला?

आणि जरबेचं मूळ बघा! अरबी 'जर्ब' म्हणजे घाव, ठोका. टांकसाळ ती 'दारुल-जर्ब'. आपल्या शेजारच्या विजापूरला पाडलेल्या मोगली रुपयावर गावाच्या नावाआधी 'जर्ब' असतं, म्हणजे ठोका इथे पडला. हा शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि मराठीने त्यातला घाव काढून घावाची भीती तेवढी ठेवली. मला तर यात मराठीची सगळी हुशारी दिसते.

धाक, वचक आणि जरब एकच, असं सांगणारे कोशप्रेमी मला मुळीच पटत नाहीत. धाक दाखवावा लागतो, वचक माणूस आसपास असेतो टिकतो. जरब मात्र माणूस नजरेआड गेला तरी बसलेलीच राहते. अरिहंतचं काम नेमकं हेच. डिझेलवरच्या पाणबुडीला बॅटऱ्या चार्ज करायला हवेसाठी वर यावं लागतं आणि तिथेच ती हेरली जाते. अरिहंत चालते अणुभट्टीवर. अणुभट्टीला हवा लागत नाही, म्हणून ती खोल दडून राहते. अण्वस्त्र आधी वापरायचं नाही, हे भारताने २००३ साली जाहीर केलेलं धोरण. त्यामुळे पहिल्या हल्ल्यात जमिनीवरचे तळ गेले तरी पाण्याखालून उत्तर येणार, हे शत्रूला पक्कं ठाऊक हवं. नोव्हेंबर २०१८ मध्ये अरिहंतची अशी पहिली गस्त पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. घाव कुठेच पडला नाही, पडायचाही नव्हता.

'अरबी शब्द कशाला?' असं विचारणाऱ्या भाषाशुद्धीवाल्यांनी 'निवारण बसवलं' असं एकदा म्हणून बघावं. जरब बसते, बसवता येते. हे 'बसणं' आपल्या मराठीचं आहे.